मनगटापासून तीन बोटं

४ जून

प्रिय मामा,

काल फोनवर आपण जे केलं त्याला बोलणं म्हणत नाहीत. मी विचारलं, "रिपोर्ट आला का?" तू म्हणालास, "हो, रोज अर्धा लिटर." मी ओरडून पुन्हा विचारलं तेव्हा वॉर्डातले दोन पेशंट दचकून जागे झाले आणि तू "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवलास. मेसेज करावा तर तू नुसता अंगठा पाठवतोस. तो अंगठा 'वाचलं'चा असतो, 'पटलं'चा असतो की 'पुरे कर'चा, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा आता कागद.

सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो मला तुझ्या समोरच्या दारातल्या बाईंनी पाठवला. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच मागितला. जन्मभर भूगोल शिकवला म्हणून की काय, फोटो नकाशासारखा सरळ आणि नीट काढलाय. तुझ्या पित्ताशयात खडे आहेत. एक मोठा, बाकी बारीक. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जे उठतं आणि पाठीत जातं, ते ह्यांचं काम. तू त्याला गॅस म्हणतोस, म्हण. पित्ताशय काढावं लागेल.

काढणं म्हणजे पोट फाडणं नव्हे. दुर्बिणीतून करतात. पोटाला चार बारीक भोकं, त्यांतून नळ्या, एका नळीत कॅमेरा. आत हत्यारं फिरवायला जागा हवी म्हणून पोटात गॅस भरून ते तंबूसारखं फुगवतात. बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्रास होतो तो मुख्यतः भुलीनंतरच्या मळमळीचा, आणि उरलेल्या गॅसमुळे खांदा दुखण्याचा.

त्या मळमळीवरच आमच्या वॉर्डात सध्या एक पाहणी चालू आहे, आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. भुलीच्या डॉक्टरबाईंना बघायचंय की ॲक्युप्रेशरने मळमळ कमी होते का. औषधं असतातच. त्यांच्या जोडीला मी ऑपरेशनच्या आधी आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याच्या मनगटावरचा एक बिंदू दाबून धरते. तू इकडेच ये. मी आहे, वॉर्ड ओळखीचा आहे, सर्जनचा हात चांगला आहे. तारीख मी घेते.

तुझी
भिंगरी

---

११ जून

चि. भिंगरीस,

पत्र पोचलं. तुझं अक्षर नर्स झाल्यापासून डॉक्टरांसारखं व्हायला लागलंय, तेवढं सांभाळ.

मला काही झालेलं नाही. जेवण जास्त झालं की दुखतं, कमी जेवलं की दुखत नाही. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. ज्या लिफ्टमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढतात ती कुरकुरते. म्हणून कोणी लिफ्ट काढून टाकत नाही, माणसं कमी चढवतात. भूगोलबाईंना मी फोटो काढायला दिला नव्हता. कागद टेबलावर होता आणि मी चहा आणायला आत गेलो होतो.

पण तुझ्या बिंदूचं वाचून मजा वाटली. आमच्या लिफ्टमध्येही एक बटण असायचं, दार लवकर बंद करायचं. निम्म्या इमारतींत त्याला वायरच जोडलेली नसे. माणसं खुशाल दाबायची, आणि दार आपल्या वेळेला लागलं की समाधानाने वर जायची. तुझं बटण जोडलेलं आहे की नाही ते आधी कळव. आणि तो बिंदू नक्की कुठे असतो? चित्र काढून पाठव.

तारीख घेऊ नकोस.

मामा

---

१७ जून

प्रिय मामा,

बटण जोडलेलं आहे की नाही, तेच तर बघायचंय. त्यासाठी पेशंटच्या दोन टोळ्या केल्या आहेत. निम्म्यांना मी खरा बिंदू दाबते, निम्म्यांना कोपराजवळचा भलताच. कोणाला कुठला ते बंद पाकिटातून निघतं, आणि पेशंटला सांगायचं नसतं. नंतर किती मळमळलं, किती उलट्या झाल्या, हे दुसरी नर्स विचारते, म्हणजे माझी लबाडी चालत नाही.

खरा बिंदू असा: तळहात वर करायचा. मनगटाच्या रेषेवर आपलीच तीन बोटं आडवी ठेवायची. ती जिथे संपतात तिथे, दोन दोऱ्यांसारख्या शिरा लागतात त्यांच्या मधोमध. अंगठ्याने दाबायचं, दुखेल इतकं नाही, पण दाबलंय हे कळेल इतकं. चित्र मागच्या बाजूला काढलंय. हात तुझाच आहे असं समज, कारण मधलं बोट वाकडं आलंय.

परवा एक बेकरीवाली बाई होती. तिचं आधी एक ऑपरेशन झालेलं, तेव्हा दोन दिवस उलट्या करून टाके सुटायची वेळ आली होती म्हणे. ह्या वेळी ती भुलीलाच इतकी घाबरली होती की स्ट्रेचरवर चढेना. तिच्या पाकिटात भलता बिंदू निघाला. मी दाबत बसले. नंतर एकदाही उलटी नाही! जाताना माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमच्या बोटात जादू आहे." तिला काय सांगणार?

हे तुला अशासाठी लिहिलं की तू ह्याचं भलतं काही करून ठेवू नयेस. हे ऑपरेशनच्या जोडीला आहे. खड्यांशी ह्याचा काही संबंध नाही. मी सत्तावीस जूनची तारीख घेतली आहे. ये.

भिंगरी

---

२ जुलै

चि. भिंगरी,

सत्तावीसला आलो नाही, त्याचा राग आला असेल. येऊन गेला असेल अशा बेताने पत्राला उशीर केला.

बातमी चांगली आहे. तुझा बिंदू मी सकाळ-संध्याकाळ दाबतो आणि दुखणं जवळजवळ गेलंय. मुख्य रस्त्यावर बुटांच्या दुकानाच्या वर एक गृहस्थ बसतात. भिंतीवर पावलांची एवढी मोठी रंगीत चित्रं, आणि प्रत्येक बोटाला एकेक अवयव वाटून दिलेला. त्यांना तुझं चित्र दाखवलं तर म्हणाले, "हा झाला मळमळीचा. खडे विरघळवायचे तर तळपायाचा दाबायला हवा." त्यांच्याकडून काटेरी लाकडी लाटणं घेतलं. भूगोलबाईंनीही एक घेतलं, गुडघ्यांसाठी. आता आम्ही दोघं समोरासमोरच्या दारांत बसून पायाखाली लाटणी फिरवतो. जिन्यातून येणारे-जाणारे बघतात. कोणी विचारलं तर बाई म्हणतात, "प्रयोग चालू आहे."

तेव्हा ऑपरेशनचं तूर्त राहू दे. एवढं साधं काम अंगठ्याने होत असेल तर पोटाला भोकं कशाला? तूच तर लिहिलंस की त्या बाईला नुसत्या दाबण्याने बरं वाटलं.

मामा

---

८ जुलै

मामा,

मी असं लिहिलेलं नाही. पत्र पुन्हा वाच. बेकरीवाल्या बाईचं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं. मग मळमळ झाली नाही.

खडे अंगठ्याने विरघळत नाहीत. बुटांच्या दुकानावरच्या माणसाने विरघळत नाहीत. लाटण्याने तर नाहीच नाही. दुखणं थांबलंय ते तू दोन घास जेवतोस म्हणून. बाईंनी कळवलंय मला, पँटला नवं भोक पाडून घेतलंस ते. एखादा खडा नळीत अडकला किंवा पिशवीला सूज आली तर घाईघाईने, अंगात ताप असताना, परक्या डॉक्टरांच्या हातून सगळं करावं लागेल. असे पेशंट मी बघते. तू शहाणा माणूस आहेस असं मी लहानपणापासून धरून चालले आहे.

तुला भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हण. त्यावर बोलता येतं. माझ्या पाहणीच्या आड लपू नकोस.

भिंगरी

---

२९ जुलै

सौ. सिस्टर यांस,

तुमची-माझी ओळख फोटोपुरती. फोनवर रडू येईल म्हणून लिहिते आहे. शिवाय सगळं क्रमाने सांगितलं नाही तर मला चैन पडत नाही.

परवा सकाळी तुमच्या मामांचं दार उघडंच दिसलं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होते, पोट धरून. अंग तापलेलं. मी रिक्षा बोलावली आणि जवळच्या इस्पितळात नेलं. पित्ताशयाला सूज आली आहे. सलाईन आणि औषधं चालू आहेत, ताप उतरतो आहे. डॉक्टर म्हणतात, सूज पूर्ण ओसरल्यावर, पाच-सहा आठवड्यांनी ऑपरेशन करून घ्या. जिवावरचं टळलं, काळजी नसावी.

पण एका गोष्टीची मला काळजी वाटते, ती तुम्हाला सांगायला हवी. तापाचा त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मास्क लावलेला होता. त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?" मामा म्हणाले, "हो हो, अगदी व्यवस्थित." मग विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मामा पुन्हा, "हो हो." "कुठल्या?" "हो, अगदी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच ठाऊक होतं की एका गोळीने त्यांच्या अंगावर गांधी उठतात, कारण ती कथा त्यांनी मला दोनदा सांगितली आहे. नाव आठवेना. मी घरी धावले आणि त्यांच्या कपाटावरचा औषधांचा डबा उचलून आणला. झाकणाच्या आत 'ही चालत नाही' म्हणून त्या गोळीचं नाव लिहिलेलं होतं. ती ज्या जातीची, त्याच जातीचं इंजेक्शन ते द्यायच्या तयारीत होते. 

नंतर मी एकटी जवळ असताना ते अगदी शहाण्यासारखे बोलले. "तुमचा त्रास वाढवला," असंही म्हणाले. मास्क लावून कोणी आलं की पुन्हा "हो हो". दोन दिवस हेच बघते आहे. तुम्ही ह्यातल्या जाणत्या. हे तापानेच होतं ना?

लाटणी मी दोन्ही टाकून दिली.

आपली,
समोरच्या दारातली

---

१ ऑगस्ट

प्रिय मामा,

बाईंचं पत्र आलं. तू बरा आहेस हे वाचून मग खुर्चीवर बसले.

त्यांना वाटतं, तापाने तुझं डोकं फिरलंय. मी ते पत्र दोनदा वाचलं. मग आठवायला लागले. तू माझ्याशी बोलताना नेहमी दिव्याच्या बाजूला मला उभं करायचास. आईशी बोलताना तिने तोंड फिरवलं की विषय बदलायचास. वडिलांनी मिशा वाढवल्या तेव्हापासून तुमचं दोघांचं जमेनासं झालं. आम्हाला वाटलं, मिशांवरून नव्हे, दुसऱ्या कशावरून तरी बिनसलं असेल.

मामा, आम्ही सगळे समजतो तसं तुला नुसतं 'कमी' ऐकू येतं असं नाही. तुला काहीच ऐकू येत नाही ना? तू ओठ वाचतोस. आणि मास्कमधून ओठ दिसत नाहीत.

मी नर्स आहे, आणि मी तुला दोन महिने मळमळीबद्दल लिहीत होते.

मला खरं लिही. कितीही लिही.

भिंगरी

---

९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

घरी आलो. पातळ खातो आहे.

होय. काहीच नाही. उजवा कान लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, आवाजाने गेला, डावा मागून हळूहळू. कानातलं यंत्र सुरुवातीला उपयोगी पडायचं, आता नुसती शिट्टी वाजवतं; तीसुद्धा दुसरे सांगतात म्हणून कळते. तोंड समोर असलं की माझं काम चालतं. फोन मी अंदाजाने घेतो. तू 'रिपोर्ट'चं विचारशील असं वाटलं नव्हतं, दुधाची वेळ होती म्हणून दुधाचं उत्तर दिलं.

बुटांच्या दुकानावरचा माणूस लबाड आहे हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. त्याच्या चित्रात काळीज दोनदा काढलेलं आहे. पण 'उपचार चालू आहेत' म्हटलं की लोक गप्प बसतात. लिफ्टवर 'काम चालू आहे'ची पाटी लावली की कोणी विचारत नाही, तसं. तुझा बिंदू मला आयता मिळाला.

भीती कशाची ते सांगतो. मोतीबिंदू काढला तेव्हा मी जागा होतो. तोंडावर हिरवं कापड, एक डोळा उघडा. डॉक्टर काहीतरी म्हणाले असणार. मला कळलं नाही. मी मान वळवली. मग त्या डोळ्याला मास्कवरचे दोन डोळे दिसले, आणि ते भयंकर चिडलेले होते. कोणीतरी माझं डोकं दाबून धरलं. मी काय चुकलो, पुढे काय करायचं, हलू की नको, काही कळेना. नंतर कळलं की ते मला 'हलू नका' म्हणून बजावत होते, आणि सुरी आत असताना मी हललो होतो. डोळा थोडक्यात वाचला. सगळं मिळून पाव तास असेल. त्या पाव तासात मी माणसांत नव्हतो. आजूबाजूला पाच जण होते आणि मी कुठल्यातरी बंद डब्यात.

ह्या वेळी इस्पितळात पुन्हा तेच. बाई नसत्या तर त्या इंजेक्शनलाही मी 'हो हो' म्हणालो असतो.

पोटाला भोकं पाडा, मला त्याचं काही नाही.

मामा

---

१४ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे मला समजलं. आता ह्यावर काम करता येतं.

भुलीच्या डॉक्टरबाईंशी बोलले. त्यांनी आधी मलाच झापलं, घरच्या माणसाचं हे कळायला इतकी वर्षं लागली म्हणून. मग म्हणाल्या, त्या तुला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात भेटतील, मास्क न लावता, आणि काय काय होणार ते तोंडासमोर सांगतील. तुझ्या खाटेवर पाटी लावू: 'ऐकू येत नाही. मास्क खाली करून समोरून बोला.' तुला हे आवडणार नाही. तरी लावू.

ऑपरेशनच्या खोलीत मास्क काढता येत नाही. तिथे माझा हात आहे. तू माझा मामा असल्यामुळे पाहणीत बसत नाहीस, त्यामुळे पाकीट-बिकीट नाही, खरा बिंदू. मी स्ट्रेचरपासून तुझं डावं मनगट धरीन आणि झोप लागेपर्यंत सोडणार नाही. आपण ठरवून टाकू. नुसतं दाबून धरलं: सगळं ठीक आहे, मी इथे आहे. दाबून सोडलं, दाबून सोडलं: मोठा श्वास घे. अंगठा घासला: हलू नकोस. तुला काही सांगायचं असेल तर माझं बोट चिमट. शुद्धीवर येशील तेव्हाही हाच हात असेल. खालच्या रिकव्हरीच्या खोलीत जायची परवानगी मी काढली आहे.

मळमळ थांबेल अशी हमी देत नाही.

भिंगरी

---

१२ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

घरी येऊन दहा दिवस झाले. भोकं बुजली, खांदा दुखायचा थांबला. ती गोष्ट मात्र तू आधी सांगितली होतीस म्हणून बरं. नाहीतर पोट सोडून खांदा का दुखतो ह्या विचाराने मी हृदयविकार ठरवून मोकळा झालो असतो.

तिथे तोंडाने काही बोलता आलं नाही म्हणून इथून लिहितो.

दारातून आत गेलो आणि वरचे गोल दिवे दिसले. हिरवे कपडे, टोप्या, मास्क. सगळे डोळेच डोळे. एक जण माझ्यावर वाकला, त्याचे डोळे हलले, म्हणजे बोलला असणार. मी सवयीने 'हो हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि तू मनगट दाबलंस. मी 'हो' म्हटलं नाही. नंतर डॉक्टरबाई माझ्या डोक्यामागून आल्या, तोंडावर ते रबरी भांडं धरलं. घुसमटलो. डोकं बाजूला करणार इतक्यात तुझा अंगठा घासला. मी थांबलो. मग दाबून सोडलं, दाबून सोडलं. मी श्वास घेतला. एवढ्या माणसांत मला काय म्हणताहेत हे मला कळत होतं, भिंगरी. मास्क लावलेल्या माणसाचं कळत होतं! मला हसू आलं; भांड्याच्या आत कोणाला दिसलं नसेल.

शुद्धीवर आलो तो आधी मनगट जागं झालं. डोळे नंतर उघडले.

आणि त्यानंतर लगेच मी सर्जनच्या बुटांवर ओकलो. संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा. तेव्हा तुझा बिंदू मळमळीच्या बाबतीत माझ्यावर साफ नापास झाला, हे तुझ्या डॉक्टरबाईंना जरूर कळव. पाहणीत धरत नसल्या तरी कळव.

मामा

---

१९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

कळवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मामांना सांगा, एका माणसावरून काही ठरत नाही.

पाहणी संपली. खऱ्या बिंदूवाल्यांना उलट्या थोड्या कमी झाल्या. फार नाही, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतक्या. दुखण्यात मात्र काहीच फरक दिसला नाही. औषधं बंद करावीत असंही त्यातून निघत नाही. शोधनिबंधात आम्ही एवढंच लिहिणार आहोत. तुझं काय झालं ते त्यात कुठेच बसत नाही. मी विचारलं, धरून ठेवण्याचा वेगळा काही हिशेब करता येईल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याची दुसरी पाहणी करावी लागेल." त्यांनी विनोद केला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच कामासाठी केबिनमध्ये बोलावलं.

सध्या एवढं झालंय की न ऐकू येणाऱ्या पेशंटची पाटी वॉर्डात कायमची झाली. एक सिस्टर त्यांचं मनगट धरायला ऑपरेशनच्या खोलीत जाते. नेहमी मीच असते असं नाही. इतरांनाही खुणा शिकवल्या.

उत्तर लवकर पाठव. बाईंना माझा नमस्कार सांग. तुला घरी न्यायला त्या एवढ्या लांब आल्या, त्यांचे आभार मानायचे घाईत राहून गेले.

भिंगरी

---

१६ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

उत्तराला फार उशीर झाला. प्रकृती उत्तम आहे, उशिराचं कारण वेगळं आहे.

बाई मला न्यायला आल्या तेव्हा त्यांनी खाटेवरची पाटी वाचली. मला ते माहीत नव्हतं. गाडीत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही आठवडाभर पातेलं दाराशी ठेवून जात, समोर येत नसत. मी मनाशी म्हटलं, दमल्या असतील. तुझा नमस्कार सांगायला मी गेलो तर आत या म्हणाल्या. खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, तिथून उठल्या, उजेड तोंडावर पडेल अशा बसल्या. म्हणाल्या, आणि मला शब्दन् शब्द कळला:

"मागच्या वर्षी मी तुमच्या दारात येऊन माझी बहीण गेल्याचं सांगितलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, 'वा, छान, छान.'"

मला तो दिवस आठवतच नाही. त्यांनी मान खाली घातली असेल. मान खाली घालून बोललं की मला काही कळत नाही.

"मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही," म्हणाल्या. मला तेही कळलं नव्हतं. त्या महिन्यात त्यांचे गुडघे दुखत असतील, म्हणून दिसल्या नसतील, असं मी धरून चाललो होतो.

"तरी तुम्ही मला इस्पितळात नेलंत," मी म्हटलं.

"दगडाच्याही पोटात दुखत असेल तर न्यायला नको का?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि लगेच डोळे पुसले.

मग मी विचारलं, "काय नाव तुमच्या बहिणीचं?"

त्यांनी नाव सांगितलं. ओठांवरून नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं. मग सांगायला लागल्या. दोघी एका बाकावर बसायच्या तिथपासून. थोरली कोण, लबाड कोण, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, शेवटच्या आजारपणात कोण कोणाशी काय बोललं. मध्ये मी दोनदा थांबवून 'पुन्हा सांगा' म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच म्हटलं असेल. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.

गेले तीन आठवडे संध्याकाळी हेच चालू होतं. काल संपलं. आज टेबलाशी बसलो.

तुझा
मामा